बटाटा, गडगे आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा

आयर्लंडला जायचं ठरल्यावर प्रत्येकाने आपापलं घोडं पुढे दामटलं. मास्तरला (कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून मास्तर) डब्लिनचा तुरुंग आणि पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी बघायची होती. डॉक्टरला डोंगर चढायचा होता. दवाखाना बंद ठेवून आलेय तर पाय दुखलेच पाहिजेत, असं तिचं म्हणणं. अण्णा मूळचा कणकवलीकडचा, बरीच वर्षं डब्लिनला नोकरीला. त्याला फक्त गाडी चालवायची होती, तीही शहराबाहेर. आणि माझं आजोळ सातगाव पठारावरचं. आंबेगाव तालुक्यातलं हे पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखलं जातं. बटाट्याच्या घरात वावरलेल्या माणसाला आयर्लंडबद्दल बाकी काही ठाऊक नसलं तरी एवढं ऐकून माहीत असतं, की तिथे एकदा बटाट्यावर करपा रोग आला आणि देश बसला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधीच सांगतो. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. दुसरं म्हणजे तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे चालवणाऱ्याला नव्याने काही शिकावं लागत नाही. त्रास होतो तो रस्त्याच्या रुंदीचा. पश्चिमेकडच्या कित्येक रस्त्यांवर मधोमध गवत उगवलेलं असतं आणि समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी एकाने निमूट मागे जायचं. मागे जाणाऱ्याला पुढचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करतो. अण्णाला हे बोट उचलणं इतकं जमलंय की मोकळ्या रस्त्यावरही तो मेंढ्यांना करत होता.

आम्ही मे महिना निवडला, कारण रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पाऊस असतोच. त्याचा विचार करून आयर्लंडला कुणी जात नाही.

शनिवार: डब्लिन

किलमेनम तुरुंग मार्गदर्शकासोबतच बघावा लागतो आणि तिकिटं ऑनलाइनच भराभर संपतात. 1796 साली बांधलेला आणि 1924 मध्ये बंद झालेला हा तुरुंग. मास्तर आला होता 1916 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या बंडासाठी, पण मार्गदर्शक बाईंनी सुरुवात केली ती दुष्काळापासून. 1845 नंतरच्या वर्षांत लोक मुद्दाम पाव चोरून, खिडकी फोडून पकडले जायचे, कारण आत गेलं की काहीतरी खायला मिळायचं. कोठड्या भरल्या तेव्हा बायका-मुलं बोळात गवतावर झोपायची. तो बोळ आम्ही चाललो. अंधारा, ओला, आणि मे महिन्यातही स्वेटर काढू न देणारा.

शेवटी दगडफोडीचं अंगण लागतं. ईस्टरच्या बंडातल्या चौदा जणांना 3 ते 12 मे 1916 या दिवसांत इथे गोळ्या घातल्या. दोन टोकांना दोन साधे क्रूस आहेत. एका टोकाला तेरा जण. दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, एकटा जेम्स कॉनली. तो इतका जखमी होता की रुग्णवाहिकेतून थेट आत आणावा लागला. उभं राहता येईना म्हणून खुर्चीला बांधून मारला. तोवर या बंडाबद्दल डब्लिनकरांमध्ये फारशी आपुलकी नव्हती. या दहा दिवसांनी ती तयार झाली.

बाहेर आल्यावर मास्तरचं सुरू झालं. डब्लिनच्या पोस्टावर बंडवाल्यांनी झेंडा चढवला तो एप्रिल 1916. त्याच महिन्यात बेळगावला टिळकांनी होमरूल लीग काढली, आणि ती मागणी उचलली होती आयरिश लोकांकडूनच. म्हणजे आपल्याकडे होमरूलची चळवळ उभी राहत होती तेव्हा इथल्या बंडखोरांचा सनदशीर होमरूलवरचा विश्वास उडून गेला होता. पुढे आपल्या घटनासमितीने मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली तीही 1937 च्या आयरिश घटनेवरून. हे सगळं त्याने ट्रामच्या थांब्यावर उभ्याने सांगितलं. ट्राम आली आणि गेली.

ते पोस्ट ओकॉनल रस्त्यावर अजून पोस्टच आहे. खांबांवर गोळ्यांचे चरे आहेत आणि आत पोस्टाचा नेहमीचा कारभार चालतो. ट्रिनिटी कॉलेजातली 'बुक ऑफ केल्स' ही बायबलची सचित्र हस्तलिखित पोथी मी पाहिली. दोन पानं, काचेत, पुढे पन्नास डोकी. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या रंगांना आमच्याकडून न्याय झाला नाही.

रात्री जेवताना डॉक्टरच्या ताटात भाजलेला बटाटा, कुस्करलेला बटाटा आणि तळलेला बटाटा असे तिन्ही एकदम आले. शाकाहारी आहे म्हटल्यावर मांस काढून घेतलं आणि त्या जागी चौथा डाव घातला. इतकं सोसून हे लोक बटाट्यावर रुसले नाहीत!

रविवार: न्यूग्रेंज, तारा, टिरेल्सपास

बॉइन नदीच्या खोऱ्यातलं न्यूग्रेंज इसवीसनपूर्व 3200 च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही जुनं. बाहेरून ते गवताने झाकलेलं मोठं टेकाड दिसतं. दर्शनी बाजूची पांढऱ्या गारगोटीची उभी भिंत ही उत्खननानंतर रचलेली आहे आणि मूळ रचना अशीच होती का, यावर पुरातत्त्ववाल्यांत वाद आहे. मला तरी ती भिंत जरा जास्तच कोरी वाटली.

आतलं मात्र अस्सल. एकोणीस मीटरचा बोळ, काही ठिकाणी आडवं होऊन सरकावं लागतं, आणि शेवटी दगडावर दगड पुढे सारत नेलेलं छत. चुना नाही, आणि पाच हजार वर्षं आत पाणी गळलेलं नाही. दाराच्या वर एक झरोका आहे. 21 डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, सूर्य उगवला की त्या झरोक्यातून किरण सरळ आतल्या खोलीपर्यंत जातो आणि सुमारे सतरा मिनिटं राहतो. 1967 साली प्राध्यापक मायकल ओकेली यांनी तो आत एकट्याने थांबून पाहिला, तोवर ही गोष्ट गावच्या बोलण्यात होती, एवढंच. आता त्या सकाळी आत जायला सोडत काढतात. आमच्यासाठी दिवे घालवून विजेचा किरण सोडला. नकली आहे हे माहीत असूनही सगळे गप्प झाले. माझी नजर मात्र किरणावरून हलून छताच्या दगडांवर गेली. पावसाचं पाणी बाहेर निघून जावं म्हणून त्या दगडांच्या वरच्या अंगाला पन्हळी खोदल्या आहेत, असं मार्गदर्शक म्हणाला. पावसाच्या मुलखातला कारागीर!

तारा टेकडीवर फार वेळ काढला नाही. आयर्लंडच्या राजांचं हे परंपरेने मानाचं ठिकाण. आज तिथे गवताचे उंचवटे, एक उभा दगड आणि भरपूर मेंढ्या आहेत. 1843 च्या ऑगस्टमध्ये आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनलने इथे घेतलेल्या सभेला साडेसात लाख लोक आले, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं होतं. आकडा फुगवलेला असेल, पण त्याच्या चौथाई लोक धरले तरी प्रश्न पडतो, की आता हे सगळे गेले कुठे? टेकडीवरून चहूकडे दिसतात ती कुरणं आणि मधून मधून एखादं घर.

टिरेल्सपास हे आमच्या यादीत मास्तरने हट्टाने घातलेलं गाव. पर्यटक तिथे थांबत नाहीत. इथल्या दफनभूमीत जेम्स डेली नावाच्या शिपायाची कबर आहे. कनॉट रेंजर्स ही पश्चिम आयर्लंडमधल्या पोरांची ब्रिटिश पलटण. 1920 च्या जूनमध्ये ती जालंधरला होती. घरून पत्रं येऊ लागली, की ब्रिटिशांचे 'ब्लॅक अँड टॅन्स' (नव्याने भरती केलेले पोलीस) आयर्लंडमध्ये गावं जाळतायत. 28 जूनला जालंधरच्या शिपायांनी, आता आम्ही नोकरी करणार नाही, म्हणून बंदुका खाली ठेवल्या. सोलनला याच पलटणीची तुकडी होती, तिथे डेली पुढारी झाला. दारूगोळ्याच्या कोठारावर चाल करताना दोघे मेले. डेलीला 2 नोव्हेंबर 1920 रोजी डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. बंडाबद्दल मृत्युदंड झालेला तो ब्रिटिश सैन्यातला शेवटचा माणूस. वय जेमतेम विशीचं. पन्नास वर्षांनी, 1970 मध्ये, त्याचे अवशेष हिमाचलातून इथे आणले.

कबरीपाशी आम्ही उभे असताना कुत्रं फिरवणारे एक आजोबा थांबले. कुठून आलात? इंडिया म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली, आमच्याशी हात मिळवला आणि डगशाईला डोंगर आहेत का, थंडी असते का, असं विचारलं. मास्तर तिथे एकदा जाऊन आलेला. त्याने चीड-पाइनची झाडं, धुकं, सगळं सांगितलं. आजोबा ऐकत राहिले. मुक्काम अॅथलोनला, शॅनन नदीच्या काठी.

सोमवार: क्लॉनमॅकनॉइज, बरेन, मोहर

क्लॉनमॅकनॉइज हा सहाव्या शतकात संत कीरनने स्थापलेला मठ. नदीच्या वळणावर पडकी चर्चं, गोल मनोरे आणि कोरीव क्रूस. व्हायकिंगांनी लुटला, आयरिश राजांनी लुटला, आणि 1552 मध्ये अॅथलोनच्या इंग्रज शिबंदीने असा धुतला की पुन्हा उभा राहिला नाही. मूळ क्रूस आता आत ठेवलेत, बाहेर आहेत त्या प्रतिकृती. सकाळी नऊला पोचलो तर आम्ही आणि कावळे, एवढेच होतो.

दुपारी क्लेअर परगण्यातलं बरेन. इथे हिरवा रंग अचानक संपतो. मैलोगणती राखी चुनखडीचा फरसबंद कातळ, त्याला पडलेल्या उभ्या-आडव्या भेगा, आणि प्रत्येक भेगेत काही ना काही उगवलेलं. 1651 मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्यातल्या एडमंड लडलोने या भागाबद्दल लिहून ठेवलं, की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. लष्करी माणसाच्या गरजा ह्या अशा. पण त्यानेच पुढे म्हटलंय, की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत. कारण मजेदार आहे. सगळीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर चरायला नेतात, इथे हिवाळ्यात नेतात. चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते आणि भेगांत गवत हिरवं राहतं. शिवाय गुरांनी हिवाळ्यात गवत खाल्लं, की वसंतात फुलांना उजेड मिळतो. गुडघ्यावर बसून पाहिलं तर बोटाच्या पेराएवढं, गडद निळं जेंशियन. आल्प्समध्ये उंचावर उगवणारं हे फूल इथे समुद्राच्या हाकेवर आहे.

पोलनब्रोनचं दगडी थडगं म्हणजे उभ्या शिळांवर तोललेली एक कलती शिळा. 1980 च्या दशकात खाली उकरलं तेव्हा 33 माणसांची हाडं मिळाली. त्यांत लहान मुलं बरीच होती. डॉक्टरने माहितीफलक दोनदा वाचला. "या वयाच्या मानाने सांधे फार झिजलेत रे, ओझी वाहून," ती म्हणाली.

मोहरचे कडे 214 मीटर उंच आहेत आणि बघण्यासारखे आहेत. त्याहून जास्त लिहावंसं वाटत नाही. बसगाड्या, सेल्फीच्या काठ्या, दहा मिनिटं दर्शन देऊन बंद झालेलं धुकं. मुक्काम डूलिन.

मंगळवार: गॅलवे

अॅरन बेटांवर जायचं होतं. समुद्र खवळल्यामुळे फेरी रद्द झाल्याचा निरोप सकाळी सातला आला, आणि पैसे परत मिळण्याचा फॉर्म भरण्यात अण्णाचे तीन कप चहा गेले. मग गॅलवे.

गॅलवे हसतंखेळतं गाव आहे. रस्त्यावर फिडल वाजवणारी मुलं, ऑयस्टरची दुकानं, बंदरावर राजहंस. पण आमच्यापैकी कुणालाच ते नाव ऐकून सर्वांत आधी ऑयस्टर आठवत नव्हते. ऑक्टोबर 2012 मध्ये बेळगावची सविता हलप्पनवार, स्वतः दंतवैद्य, इथल्या रुग्णालयात मरण पावली. गर्भपात अटळ होता, जंतुसंसर्ग वाढत होता, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत तोवर कायद्यात बसत नाही म्हणून गर्भ काढला नाही. आयर्लंड तिच्या नावाने रस्त्यावर उतरलं. 2018 च्या मे महिन्यात सार्वमत झालं आणि घटनेतली ती बंदी दोन तृतीयांश मतांनी निघाली. डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ती नदीकाठच्या बाकावर बसून हे आम्हाला औषधांच्या मात्रांसकट समजावत होती, आणि मग एकदम म्हणाली, चला, कॉफी घेऊ.

त्या वेळी सरकारचा प्रमुख होता लिओ वराडकर. हे नाव निघाल्यावर अण्णाची छाती फुगते. "वराड म्हणजे आमच्या मालवण तालुक्यातला गाव!" लिओचे वडील तिथले. 2019 च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना तो वराडला येऊन गेला, तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. आमच्या घरमालकिणीलाही हे ठाऊक होतं. अण्णाने भाड्यात सूट मागायचा मोह कसाबसा आवरला.

बुधवार: कॉनेमारा आणि डूलॉख

सहल खऱ्या अर्थाने या दिवशी सुरू झाली असं आता वाटतं.

गॅलवे सोडलं की पाट्या फक्त आयरिश भाषेत दिसू लागतात आणि शेतं लहान लहान होत जातात. दगड इतके, की शेत साफ करून निघालेल्या दगडांचाच बांध घालायचा. माती-चुन्याशिवाय नुसते रचलेले हे बांध डोंगराच्या अगदी माथ्यापर्यंत चढतात. अण्णाने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "ह्यो गडगो आमच्या घरामागचोच दिसता मरे!" आम्ही हसलो, पण मग तो गंभीरपणे दाखवू लागला. खाली मोठे दगड, मध्ये आरपार जाणारा एखादा लांब दगड, फटींतून वारा जाऊ दिलेला, म्हणून वादळातही पडत नाही.

बॅलिनाहिंच किल्ल्याच्या कमानीपाशी मास्तरने आणखी एक गोष्ट सोडली. हा वाडा 1924 मध्ये रणजितसिंहजींनी विकत घेतला होता. हो, तेच रणजी, नवानगरचे जामसाहेब. सॅमन पकडायला यायचे. काइलमोर अॅबेचा तळ्याच्या आरशातला फोटो सगळे काढतात, आम्हीही काढला.

किलरीच्या खाडीवर पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि ऊन तिरपं झालं होतं. पलीकडच्या डोंगरावर मला काहीतरी दिसलं. उतारावर, अगदी उंच, जिथे आज घर नाही, पायवाट नाही, मेंढ्यांशिवाय काही नाही, तिथे समांतर रेघा. सरी-वरंबे. तिरप्या उन्हात प्रत्येक वरंब्याची सावली वेगळी पडली होती. मी म्हटलं, अरे, ही बटाट्याची लावण आहे. गाडीतल्या कुणालाच आधी दिसेना. मग दिसायला लागली आणि थांबेचना. या डोंगरावर, त्या डोंगरावर, दगडांच्या मधल्या खोलीएवढ्या तुकड्यातही. 1840 च्या दशकात घातलेले हे वरंबे. नंतर तिथे कुणी नांगर घातला नाही, म्हणून राहिलेत.

हे इतक्या वर का चढले होते, ते समजायला थोडं गणित लागतं. चांगली जमीन जमीनदारांची, तिच्यात धान्य आणि गुरं, आणि ती विलायतेला निघायची. कुळाला मिळायचा तुकडा. त्या तुकड्यात घर जगवणारं एकच पीक होतं. मजुरीवर जगणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, वर ताक. जातही एकच, 'लंपर', कसल्याही हलक्या जमिनीत येणारी. आणि बटाटा लावतात बटाट्यापासूनच, त्यामुळे गरिबांचं बहुतेक पीक एका रक्ताचं. 1845 मध्ये करपा आला तेव्हा त्याला एक झाड लागलं काय आणि सगळी लागली काय, सारखंच. 1846 मध्ये तो जवळपास सगळं घेऊन गेला. माझ्या मामाच्या शेतात ढगाळ हवा आणि रिमझिम चार दिवस टिकली, की पानांवर काळे डाग, खाली पांढरी बुरशी आणि तो कुजका वास. मामा त्या दिवशी जेवणाला न थांबता पंप पाठीवर घेतो. इथे मारायला काही नव्हतंच. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण निघालं ते फ्रान्समध्ये, 1880 च्या दशकात. माझं हे बोलणं ऐकताना अण्णाने गाडी कधी बंद केली ते कळलं नाही.

खाडीला वळसा घालून डेल्फीमार्गे डूलॉखच्या खिंडीत शिरलो. एका अंगाला काळं तळं, दोन्हीकडे उघडे डोंगर, मधून अरुंद रस्ता. 30 मार्च 1849 ला लुइसबर्गमध्ये सरकारी मदतीवर असलेल्या शेकडो लोकांना तपासणीसाठी बोलावलं होतं. तपासणी न होताच अधिकारी पुढे निघून गेले, आणि निरोप ठेवला, की उद्या सकाळी सातला डेल्फीच्या शिकारघरापाशी हजर राहा, नाहीतर नाव कमी होईल. अंतर सुमारे 19 किलोमीटर. उपाशी लोक रात्रीतून थंडीवाऱ्यात चालत आले. साहेब लोक जेवत होते म्हणून त्यांना थांबवलं, असं सांगतात. मग मदत न देताच परत पाठवलं. परतीच्या वाटेवर लोक रस्त्याच्या कडेला पडले. किती मेले यावर आजही एकमत नाही.

रस्त्यालगत साधा दगडी क्रूस आहे. त्यावर 1849 मध्ये इथून चाललेल्या भुकेल्यांचा उल्लेख आहे, आणि त्याच स्मारकावर गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे: आपल्यासारख्याच माणसांची मानहानी करण्यात माणसांना आपला सन्मान कसा काय वाटू शकतो? गांधीजींचा हा प्रश्न मेयो परगण्यातल्या निर्मनुष्य खिंडीत पावसात भिजत उभा आहे. मास्तर नेहमी बोलतो, इथे बोलला नाही. गाडीत बसल्यावर बोलला. लंडनच्या ट्रेझरीतून आयर्लंडच्या दुष्काळनिवारणावर ज्याची पकड होती तो चार्ल्स ट्रेव्हेलियन आधी हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होता, नंतर मद्रासचा गव्हर्नर होऊन परत आला. बाजारात ढवळाढवळ नको, फुकट दिलं तर लोक आळशी होतात, ही जी शिकवण इथे चालवली, तीच पुढे 1876 च्या दुष्काळात दख्खनमध्ये आली. मजुराला दिवसाला रतलभर धान्य आणि आणाभर पैसा पुरे, हे रिचर्ड टेंपलचं माप तेव्हाचंच. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यावर अर्ज-विनंत्यांचा धडाका लावला होता.

आम्ही चाललो होतो ती त्या लोकांची परतीचीच दिशा, लुइसबर्गकडे. गाडीत वीस-पंचवीस मिनिटं लागली. वेस्टपोर्टला पोचून जेवायला बसलो तेव्हा दहा वाजायला आले होते आणि बाहेर अजून उजेड होता.

गुरुवार: अॅकिल

अॅकिल हे पुलाने जोडलेलं बेट. स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी ते शंभर दगडी घरांची ओळ उभी आहे, छपरं नसलेली, जवळपास दीड किलोमीटर लांब. सगळा दोष दुष्काळाचा नाही. काही लोक मासेमारीसाठी किनाऱ्याला गेले, काही घरं नंतरही उन्हाळ्यात गुरं राखायला वापरात होती. पण गाव म्हणून ते उठलं ते उठलंच.

एका घरात शिरलो. एकच खोली, आमच्या चौघांना उभं राहायला अडचण होईल इतकी. भिंतीत गुरं बांधायची दगडी कडी आहे, घासून गुळगुळीत झालेली. गाय घरातच, उताराच्या बाजूला, म्हणजे घाण वाहून बाहेर जाईल आणि तिची ऊब घराला मिळेल. घरापुढून सुरू होऊन वरंबे खाली उतरत जातात. मी एका वरंब्यावर चढून पावलांनी मापलं. आमच्या पठारावरच्यापेक्षा बराच रुंद, पाणी निचरावं म्हणून उंच. घातला फावड्याने, बैल लावण्याइतकी जागाच नाही.

1841 साली मेयो परगण्यात सुमारे 3 लाख 89 हजार माणसं होती. 2022 मध्ये 1 लाख 38 हजार. सबंध आयर्लंड बेटाची लोकसंख्या अजूनही 1841 च्या मागे आहे. पोस्टकार्डांवरची ही मोकळी हिरवी कुरणं बघताना आम्हाला आधी शांत वाटायचं. गुरुवारनंतर ती रिकामी दिसायला लागली, आणि डॉक्टरने तर 'किती सुंदर' म्हणायचंच सोडून दिलं.

संध्याकाळी कीमच्या किनाऱ्यावर अण्णा पाण्यात उतरला. मालवणी माणूस, समुद्राला भीत नाही वगैरे. चाळीस सेकंदांत परत.

शुक्रवार: क्रोह पॅट्रिक

डॉक्टरचा डोंगर. 764 मीटर, आणि चढाई समुद्रसपाटीजवळून, त्यामुळे उंची सगळीच्या सगळी पायांना पडते. शेवटचा टप्पा म्हणजे नुसती घसरती खडी. संत पॅट्रिकने इथे चाळीस दिवस उपास केला अशी श्रद्धा आहे आणि जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. आमच्यासमोर साठीच्या एक बाई अनवाणी उतरत होत्या. तळवे रक्ताळलेले, चेहरा प्रसन्न. डॉक्टरने बॅगेतून मलमपट्टी काढली. बाईंनी ती घेतली नाही, खाऊच्या गोळ्या मात्र घेतल्या. माथ्यावरून क्लू बे दिसतो, असंख्य हिरव्या बेटांचा. पायथ्याशी मरिस्कला दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे: काशाचं जहाज, आणि शिडाच्या दोरांच्या जागी माणसांचे सांगाडे.

शनिवार: स्ट्रोक्सटाउन, डब्लिन

परतीच्या वाटेवर रॉसकॉमन परगण्यातलं स्ट्रोक्सटाउन. जमीनदाराच्या वाड्यात दुष्काळाचं संग्रहालय आहे. 1979 मध्ये गावच्याच एका गॅरेजवाल्याने ही मालमत्ता घेतली आणि कचेरीत त्याला कागदांचे गठ्ठे सापडले. त्यांत क्लूनाही गावच्या कुळांचा 1846 चा अर्ज होता: पोरं डोळ्यांदेखत उपाशी आहेत, त्यांचं रडणं आता ऐकवत नाही, काम द्या. पुढे त्याने तिथे संग्रहालय काढलं. वाड्याचा मालक मेजर डेनिस महोन याने 1847 मध्ये 1,490 कुळांना बोटीचं भाडं देऊन कॅनडाला धाडलं, कारण पोसण्यापेक्षा ते स्वस्त. त्यातले कितीतरी वाटेतच गेले. नोव्हेंबरात महोनला कुणीतरी रस्त्यात गोळी घातली. त्या कुळांना आधी डब्लिनच्या धक्क्यापर्यंत पायी नेलं होतं. कालव्याकाठची ती 165 किलोमीटरची वाट आता चालता येते, आणि वाटेवर जागोजागी लहान मुलांचे काशाचे बूट बसवलेत. वाडाही बघण्यासारखा आहे. स्वयंपाकघरावर एक सज्जा आहे. मालकीणबाई तिथून आठवड्याचा बेत लिहिलेली चिठ्ठी खाली सोडायची, म्हणजे स्वयंपाक्यांशी बोलायला नको.

विमानतळावर गाडी परत करताना एम-50 लागतो. तिथे टोलनाका दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपतो, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरले नाहीत तर दंड. भरून टाका.

रात्री अण्णाच्या घरी पुढच्या खेपेवरून वाद झाला. मास्तरला आता डंगॅननला जायचंय. भगिनी निवेदिता 1867 मध्ये तिथे जन्मल्या. ते टिरोन परगण्यात, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये. वाटेत ना चौकी ना फाटक, पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात तेवढीच हद्द. पण आयरिश व्हिसा तिथे आपोआप चालतोच असं नाही. डॉक्टर म्हणते आधी अॅरन बेटं, त्याचे पैसे अजून परत आलेले नाहीत.